एक लाख दहा हजारांच्या पिकअपसाठी सांगली ते चेन्नई

भंगारवाल्याने पिकअपभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरवर लाथ मारून पाहिली आणि चहा घेता घेता सहज विचारलं, "नवी केवढ्याला घेतली होती, अण्णा?"

"एक लाख दहा हजार," वडील म्हणाले.

आई उठून आत गेली. मी गाडीच्या कागदांची फाईल धरून तिथेच उभी होते. फाईलमधल्या बिलावर स्वच्छ सत्तर हजार लिहिलेले होते.

आमच्या घरात या चाळीस हजारांच्या फरकाला मोठा इतिहास आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी अण्णा आणि दिनूकाका या सख्ख्या भावांचा भागीत मंडपाचा धंदा होता. बांबू, कनाती वाहायला गाडी हवी म्हणून अण्णा भागीतले एक लाख दहा हजार घेऊन मद्रासला गेले. सत्तरची गाडी, उरलेल्यात जनरेटर, असं ठरलं होतं. परत आले ते नुसती गाडी घेऊन. "गाडी तेवढ्याला पडली," एवढंच बोलले. काकांनी बिल पाहिलं, बाकीचे कुठे गेले विचारलं, उत्तर मिळालं नाही. वर्षभरात वाटणी झाली. तिच्यातही अण्णांनी हट्टाने गाडी पुऱ्या एक लाख दहाला लावूनच आपल्या वाट्याला घेतली. काका म्हणाले, "खोटं बोल, पण रेटून बोल!" त्यानंतर एकाच गावात राहून त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही.

यात माझाही हात आहे. मी एकोणीस वर्षांची असताना, ट्रिपला जाऊ देत नाहीत म्हणून भांडताना अण्णांना म्हणाले होते, "आधी चाळीस हजारांचं सांगा, मग मला शिकवा." ते भरल्या ताटावरून उठले. ते ताट मला अजून दिसतं.

बिलावर चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या शोरूमचा शिक्का होता. माझा भाऊ सुधीर तिकडेच नोकरीला. मी अण्णांना सरळ विचारलं, "जाऊन विचारून येऊ?"

"जा की," ते म्हणाले. "समुद्रपण बघून ये."

तर जानेवारीचा दुसरा आठवडा, साल २००६. सांगली-मिरजेकडच्यांनी चेन्नईला जायचं तर मिरजेहून बंगळूरची गाडी पकडावी आणि तिथून सकाळची चेन्नईची. स्लीपरचं दोन्ही मिळून पाचशेच्या आत बसतं. जेवण घरून न्या, पण बंगळूरनंतर डब्यात येणारी इडली सोडू नका. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांना मीटर नावाची वस्तू माहीत आहे, पण ती त्यांना आवडत नाही. सुधीर राहतो त्या अण्णा नगरचे एकाने माझ्याकडे दीडशे मागितले. मी ऐंशी म्हणाले. "ऐंशीला बस जाते, मॅडम," असं तो इंग्रजीत म्हणाला आणि शंभरला तयार झाला. बस चार रुपयांत जाते हे मला घरी पोचल्यावर सुधीरने सांगितलं.

अण्णा नगर आखीव आहे. रुंद रस्ते, झाडं आणि दारोदारी रांगोळ्या. पोंगल तोंडावर आलेला, त्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यावर उसाच्या मोळ्या उभ्या. मेसमध्ये पंचवीस रुपयांत केळीच्या पानावर पोटभर जेवण मिळतं. भात नको म्हणायचं असेल तर पानावर आडवा हात धरा, नुसतं बोलून काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी सुधीरबरोबर कंपनीच्या बसने त्याच्या श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्याला गेले. आत सोडत नाहीत, पण कुंपणाबाहेरूनही पुष्कळ दिसतं. नजर पोचेल तिथपर्यंत नव्या कोऱ्या गाड्या, काचांवर पांढरे कागद, एकसारख्या रांगांत उन्हात चमकत होत्या. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

"एवढ्या विकल्या जातात?"

"विकून झाल्यात, ताई. आता नवी पिकअप साडेतीन लाखांच्या आसपास पडते. सकाळी कर्जाचा अर्ज केला तर आठवड्यात दारात."

"अण्णांच्या वेळी?"

"तेव्हा नंबर लावायला लागायचा म्हणे. दोन-दोन वर्षं."

हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे गाडी होती म्हणजे ती विकत मिळाली, इतकंच मी धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी नुंगंबाक्कम. शोरूमच्या जागी आता तीन मजली कपड्यांचं दुकान आहे. माझा चेहरा पडला. पण शेजारच्या चहावाल्याने बिल पाहिलं, खालच्या सहीवर बोट ठेवलं आणि मागच्या गल्लीतलं निळं फाटक दाखवलं. सही करणारे गोविंदराव पंचाहत्तरी ओलांडून फाटकातच पेपर वाचत बसले होते. बिलावरचं आमचं आडनाव वाचून ते चक्क मराठीत बोलले.

"या, बैसा मा. आम्ही तंजावरचे. आमची मराठी जुनी आहे, हांसू नका."

हसायचं कसलं, माझ्या अंगावर काटा आला होता. शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेल्या लोकांच्या घरात ही भाषा अजून टिकून होती, तमिळच्या चालीवर डुलत. त्यांच्या पत्नीने स्टीलच्या पेल्यात फिल्टर कॉफी आणून दिली.

मी गाडीचं मॉडेल सांगितलं. डोळे न मिटता, कागद न पाहता ते म्हणाले, "सत्तर. त्याच्या आधलं वर्ष चौसष्ट, त्याच्या आधलं साठला कमी. डिझेलवाली अकरा हजार वर." मी गंमत म्हणून आणखी चार-पाच जुन्या गाड्यांची नावं घेतली. प्रत्येकीची नवी असतानाची किंमत, टॅक्ससकट, त्यांच्या ओठांवर होती.

"हे सगळं लक्षात कसं राहिलं?"

"शोरूमात फळा होता. भाव बदलला की खडूने मीच लिहायचा. सव्वीस वर्षं लिहिलं. हाताने लिहिलेलं जात नाही, मा."

मी थक्क होऊन ऐकत होते, पण बिलावरचा आकडा खरा ठरला होता. सत्तर म्हणजे सत्तरच. शेवटी विचारलंच, "मग माझे वडील एक लाख दहा का सांगतात?"

त्यांनी पेपराची घडी केली. बिलाकडे पुन्हा पाहिलं.

"सांगलीचे. मांडववाले. तीन दिवस आमच्या बाकावर बसले होते, तेच ना?" ते म्हणाले. "मज आठवण आहे. नंबर दोन वर्षांनी येणार होता. पाहिजे तर कोणाचा तरी नंबर विकत घ्यायचा, वर ऑन देऊन, म्हणजे बिलाबाहेरचे जास्तीचे पैसे. तेव्हा ऑन चाळीस चालत होता."

"म्हणजे त्यांनी ऑन दिला?"

"थांबा मा. तिसऱ्या दिवशी एक बाई आली. फुलांच्या धंद्यातल्या माणसाची बायको, सरोजा नाव. नवऱ्याने गाडी बुक केली, नंबर आला, आणि तो वारला. ती डिपॉझिट परत मागाया आली. आपल्या नंबराला बाजारात भाव आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. अशा वेळी आम्ही शोरूमवाले उगे राहत होतो. लाज वाटते सांगाया. मी तुमच्या अप्पांना खूण केली, बोलू नका, तिला डिपॉझिट देतो, नंबर तुमचा. सत्तरात गाडी."

"आणि?"

"त्यांनी मला विचारलं, ऑन किती चालतो? मी हळू सांगितलं, चाळीस. ते उठले, तिच्यापुढे चाळीस हजार मोजून ठेवले आणि मला म्हणाले, हे काय आहे ते तिला तमिळात सांगा. मीच सांगितलं. त्यानंतर मी कधी खूण केली नाही."

मला रडू आलं. गोविंदरावांच्या पत्नीने काही न विचारता दुसरी कॉफी आणली. सरोजाबाई पुढे कुठे गेल्या, ते त्यांना माहीत नव्हतं.

समुद्र पाहिला. खूप मोठा आहे. त्याच्यापुढे बसून मी तासभर अण्णांचाच विचार केला. एवढं करून हा माणूस वीस वर्षं चोर ठरून राहिला, हे मला कळतही होतं आणि पटतही नव्हतं.

सांगलीला पोचले तेव्हा अण्णा अंगणात होते. बॅग न ठेवताच मी म्हणाले, "गोविंदराव भेटले. ऑन द्यावा लागला, एवढं काकांना सांगितलं असतं तरी मिटलं असतं की!"

"लागला नव्हता," अण्णा म्हणाले. "लागला म्हटलं तर खोटं. नव्हता लागत म्हटलं, तर त्याच्या वाट्याचे वीस हजार त्याला न विचारता मी देऊन टाकले, असं होतं. म्हणून वाटणीत गाडी पुऱ्या किमतीला मी घेतली. त्याचं त्याला पोचलं."

वाटणीतला तो हट्ट मला त्या क्षणी समजला. मी त्यांच्या पायाशी बसले आणि त्या भरल्या ताटाबद्दल माफी मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "त्या बाईचं पुढे काय झालं, कळलं का?"

"नाही."

"बरं असेल," ते म्हणाले आणि माझी बॅग उचलून आत गेले.

संध्याकाळी मी काकांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उठून आपल्या कामाला लागले. मी हिरमुसून परतले.

या प्रवासाला जाऊन-येऊन दोन हजारही लागले नाहीत. चेन्नईत पाहण्यासारखं पुष्कळ आहे, मी त्यातलं निम्मंही पाहिलं नाही. आता दोन-चार लाखांच्या नव्या गाड्यांच्या जाहिराती पाहिल्या की मला त्यांच्या किमतीचं काही वाटत नाही. जुनी गाडी दिसली की मात्र ही नवी असताना कोणी किती मोजले असतील, आणि ते बिलावर लिहिलेलं असेल का, असं मनात येतं.

भंगारवाला रविवारी गाडी न्यायला येणार होता. त्याच्या आधी काका आले. उंबऱ्याकडे न वळता ते थेट अंगणातल्या पिकअपपाशी गेले, तिचा दरवाजा उघडला, लावला, पुन्हा उघडला. मग अण्णांकडे वळले.

"दादा," ते म्हणाले, "एक लाख दहाला काही महाग पडली नाही."

"मी तेच सांगत होतो," अण्णा म्हणाले आणि आईला चहा टाकायला सांगितला.