ओटीवरचे भाषण

किनाऱ्यावरच्या त्या कौलारू घरात एका मोठ्या नाटककाराने आयुष्याची शेवटची वर्षे काढली होती. आता तिथे हॉटेल होणार, असे कानावर आले म्हणून मी शेवटचे बघायला गेलो, तर अंगणात सगळा कोळीवाडा जमलेला. नाटककाराचा पुतण्या घर घेणाऱ्या गृहस्थांना घेऊन आला होता.

ओटीवर सत्तरीच्या पारूआक्का उभ्या होत्या. तरुणपणी त्या इथे मासळी द्यायला यायच्या, तेव्हा नाटककार त्यांना थांबवून नवे संवाद वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "पारू, खरं वाटतं का गं?" आक्कांना एकही अक्षर वाचता येत नाही.

त्यांनी पदर खोचला आणि नाटककाराच्या एका नाटकातल्या नायिकेचे अखेरचे भाषण सुरू केले. समोरून वारा येत होता, तरी एकेक शब्द फाटकापर्यंत पोचला. लेखक गेला की शब्द पुस्तकात उरतात, असे मी समजत होतो. इथे ते एका बाईच्या छातीत इतकी वर्षे जिवंत नांदत होते.

भाषण संपले तेव्हा पुतण्याचे डोळे भरले होते.

"हे काकांनी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवतायत कसले! अर्धं मीच दुरुस्त केलंय."

अंगण हसले. पुतण्याने गृहस्थांपुढे हात जोडले. "माफ करा, घर विकायचं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. चार जणी आत धावल्या, त्यांनी गंजलेल्या कड्या ठोकून खिडक्या उघडल्या आणि समुद्राचा आवाज घरभर भरला.