नवसात बदक नव्हतं

माझ्या दोघा मित्रांना यातलं निम्मं ठाऊक आहे. उरलेलं निम्मं, म्हणजे जे खरं बोचतं ते, मी कुणापुढेही उच्चारलेलं नाही. बायकोपुढे तर नाहीच. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून जीभ जरा सैल सुटते आहे. तरी बघा, सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. धुक्यापासून करू?

बीजिंगमध्ये आम्ही उतरलो तेव्हा धुकं होतं. मी, दिनू आणि बाळू. तिघेही माधवनगरचे, तिघांचेही यंत्रमाग. नवीन माग बघायच्या निमित्तानं निघालो होतो. खरं म्हणजे फिरायलाच. शेवटच्या संध्याकाळी एका तळ्याकाठच्या जुन्या खाणावळीत गेलो. लाल कंदील पाण्यात हलत होते. आयुष्यभर मागाच्या खडखडाटात जगलेला माणूस मी — ती शांतता कानाला गोड लागत होती. मला सारखं वाटत होतं, हा मी नव्हेच, माझ्या जागी दुसराच कुणी येऊन बसलाय. सबब वाटते ना ही? असू द्या. पण वाटत होतं.

सबब लागते, कारण घरी नवस चालू होता. आमची रेश्मा साताऱ्याला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. माझी बायको मालन म्हसवडची. त्यांच्याकडे सगळं सिद्धनाथाला विचारून. आम्ही दोघं देवापुढे जोडीनं उभे राहिलो आणि ती बोलली, ‘नाथबाबा, पोरगी सुखरूप सुटस्तोवर आमी दोघं कोंबड्या-बकऱ्याला शिवणार न्हाई.’ मी मान डोलावली. जोडीचा नवस म्हणजे एकाची जीभ चळली की दोघांचाही मोडला, असं तिच्या माहेरी मानतात. मला पटत होतं का? तेव्हाही नाही, आताही नाही. पण मान मी डोलावली होती.

पांढऱ्या टोपीतला आचारी एका ढकलगाडीवरून अख्खं भाजलेलं बदक घेऊन आला. कातडी काकवीसारखी तांबूस, चकचकीत. आमच्या टेबलाशी उभा राहून तो पातळ पातळ काप काढू लागला — न बोलता, जराही घाई न करता. कातडीचा पहिला तुकडा साखरेत बुडवून खायचा म्हणे. मग कागदासारखी पातळ पोळी, तिच्यात मांसाचे काप, कांद्याची पात, काकडी आणि काळी गोडसर चटणी. गुंडाळायचं आणि तोंडात टाकायचं. माझ्यापुढे उकडलेला पाला होता.

‘खा की रं गड्या,’ दिनू म्हणाला. ‘नाथबाबाकडं पासपोर्ट न्हाई.’

बाळूचं डोकं आणखी तिरकं. ‘आन् नवसात काय बोललाय तुमी? कोंबडं, बकरं. बदक कुटं हाय त्यात?’

हसलो आम्ही. आणि मला ते — काय म्हणाल ते म्हणा — पटलं. आमच्याकडे बदक खातंय कोण? नवसात त्याचं नाव येणार कसं? साखरेतला तुकडा जिभेवर ठेवला, तो विरघळला. मग मी थांबलो नाही. शेवटी हाडांचं पांढरं सूप आलं, तेही प्यालो. आजही कधी दुपारी डोळा लागला की ते कंदील हलतात, ती चव येते, आणि मी सुखात असतो. हेही माझ्या नावावर मांडा.

जेवण चालू असतानाच मालनचा फोन आला. ‘जेवलासा का?’

‘भात आणि पाला,’ मी म्हणालो.

‘लय हाल हुत्यात बगा तुमचं. आल्यावर पुरणपोळ्या करते.’

केल्याही तिनं. मी खाल्ल्याही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रेश्माचं बाळ पोटातच गेलं. नाळेला गाठ पडली होती, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मालननं ऐकून घेतलं, पण तेवढ्यानं तिचं भागलं नाही. साताऱ्याच्या दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी बसली होती. एकाएकी तिनं माझा हात धरला.

‘आवं, माझ्या हातनं झालंय ह्ये. तुमी तिकडं असताना भाऊ मिलिटरीतनं सुट्टीवर आलता. त्याच्यासाठनं मटण केलं आन् मीठ बगाया रस्सा जिभंला लावला. सवयीनं, ध्यानातच न्हाई राह्यलं. लगीच थुकला... पर लागायचा तो लागलाच की.’

इथे मी बोलायला हवं होतं. थेंबाचं काय घेऊन बसलीस, मी बदक खाल्लंय — एवढंच वाक्य. मी काय केलं? तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, ‘जाऊ दे. मी न्हाई तुला बोल लावत.’

माफ केलं मी तिला! कळतंय का तुम्हाला? मी — तिला — माफ केलं. आणि माझे उपकार झाल्यासारखी ती रडली.

तेव्हापासून ती स्वयंपाकाचं मीठ बघत नाही. वरणाचंसुद्धा नाही. कधी अळणी होतं, कधी खारट. मी मुकाट्यानं खातो. सांगितलं असतं तर ती रागावली असती का? रागाची भीती नव्हतीच मला. ती माझ्याकडे ज्या विश्वासानं बघते, तो सोडवत नव्हता.

पुढे रेश्माला पुन्हा दिवस गेले. मला वाटलं, मालन आता नवसाच्या वाटेला जाणार नाही. ती म्हणाली, ‘या बारीला तुमी एकट्यानं बोला. माजं तोंड बाटलंय. तुमचं सोच्छ हाय, देव तुमचं ऐकंल.’

मी बोललो. या खेपेला पाळलाही, निव्वळ लाजेपोटी. नात झाली, ठणठणीत.

नवस फेडायला आम्ही सगळे म्हसवडला गेलो. गुलाल उडत होता, त्यातून येणारं ऊनही गुलाबी दिसत होतं. आजोबांच्या पुण्याईनं झालं, असं पाहुणे म्हणत होते. मालन देवाच्या पाया पडून गाभाऱ्यातून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर वाकली. माझ्या पायांवर डोकं टेकवून ती बराच वेळ तशीच राहिली.

मी पाय मागे घेतले नाहीत.