पाठीवरची आंबेहळद

आमच्या गावातल्या बैलांना एका आठवड्यात लाथा झाडायचं वेडच लागलं होतं. ज्या घरात जावं तिथं गडी पालथा पडलेला, आणि त्याच्या बायकोला विचारावं तर एकच उत्तर, "बैलानं लाथ मारली ना बाई." कुणी गाडीवरून पडला होता, कुणाची कंबर धरली होती. विहिरीवर घागरी भरताना आम्ही बाया एकमेकींना हेच सांगायचो आणि सांगताना एकमेकींच्या तोंडाकडं बघायचो नाही. गावच्या दुकानातली आंबेहळद तेवढ्यात संपली. दुकानदार भोकरदनहून नवी घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी तोही पालथा पडला. त्यालाही बैलानंच मारलं म्हणे. मेल्याकडं बैल होता कुठं!

सांगताना हसू येतं. मग ते हसू तिथंच अडकतं, कारण त्या पालथ्या पडलेल्यांत माझा नवरा होता. त्याच्या पाठीला हळद लावताना मीही आमच्या गरीब बैलाच्या नावानं बोटं मोडत होते, शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. धावडा गावाच्या खालच्या अंगाला, डोंगराला लागून आमचं गाव. खुनाच्या आरोपातला एक कैदी पोलीस जालन्याला नेत होते. वाटेत त्यानं एका लाकूडतोड्याची कुऱ्हाड हिसकली, एका शिपायाला तोडलं आणि पळाला. शिपाई जागीच मेला. पळालेला माणूस आमच्या डोंगरात शिरला अशी खबर कुणीतरी जमादाराला दिली, आणि जमादार आपली माणसं घेऊन आमच्या चावडीत येऊन उतरला.

त्यांना पीठ, तूप, कोंबड्या गावानं पुरवायच्या, तशी रीतच होती. आम्ही बायांनी रांधायचं. सकाळी त्यांचं खाणं-पिणं झालं की एकेका गड्याला बोलावणं यायचं आणि त्याला चावडीसमोरच्या कोंडवाड्यात न्यायचे. चुकार ढोरं कोंडायची ती जागा, चारी बाजूंनी दगडी भिंत. आत माणसाला कोंबडा करून उभं करायचे आणि पट्ट्यानं विचारायचे. कुठं लपवला? भाकरी कोण देतं? माझ्या नवऱ्याला विचारून झालं तेव्हा तो चालत घरी आला, ताठ चालत आला, आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकल्यावर खाली बसला. मला म्हणाला, "कुणी विचारलं तर बैलानं मारलं म्हणून सांग." मी सांगितलं.

त्या वर्षी आमच्या रानात एका धनगराची मेंढरं बसायला होती. मेंढरं शेतात बसवली की जमिनीला खत मिळतं आणि धनगराला त्याबद्दल दाणे मिळतात. हा धनगर दरवर्षी आमच्याकडंच यायचा. बायको बरोबर, बांधाच्या कडेला पाल. माझ्या नवऱ्याला पोटातलं कुणापुढं बोलता यायचं तर त्याच्यापुढं. बापापुढं न्हाई, माझ्यापुढं तर न्हाईच. दुपारी दोघं बाभळीखाली बसायचे, हा तंबाखू मळायचा, तो लोकर सोडवत राह्यचा, आणि इतकं काय हसायचे देव जाणे.

त्या धनगराला पोलिसांनी पुन्हा पुन्हा नेलं. डोंगरात हिंडणारा माणूस, त्यालाच ठाऊक असणार, असा त्यांचा हिशोब. शेवटी एकदा त्यानं सांगून टाकलं, "व्हय, दिली मी भाकर." मग काय, फरार माणसाला आसरा दिला म्हणून त्याच्या मुसक्या बांधल्या आणि जालन्याला नेला. नेताना तो आमच्या दारावरून गेला. चालताना पाय घासत होता. त्याची बायको पोटुशी होती, ती मागं मागं वेशीपर्यंत गेली आणि मेंढरं मोकळी म्हणून परत आली.

आता गावात वाद सुरू झाला. आणि काय वाद! मारुतीच्या पारावर सकाळपासून माणसं जमायची. पालथे पडलेलेही दोन-तीन दिवसांनी उठून तिथं यायला लागले, फक्त बसताना जरा हळू बसायचे. एक म्हणायचा, "जमादाराचं काय चुकलं? त्यांचा माणूस मेला ना! कुऱ्हाडीनं तोडणाऱ्याला काय आरती घेऊन शोधायचा?" दुसरा म्हणायचा, "अरे, पण ज्यानं केलं त्याला मारा, गावाला काहून?" तिसरा लगेच त्याच्याकडं बघायचा. "गावाला? तुला मारलं का?" "मला? मला हात लावायची कुणाची बिशाद हाये!" झालं. वाद तिथंच खुंटायचा आणि फिरून जमादाराच्या बाजूनं वळायचा. पोलिसांच्या विरोधात जो बोलेल तो मार खाल्लेला, हे ठरूनच गेलं होतं. त्यामुळं ज्याची पाठ जास्त सुजलेली तो जमादाराची बाजू जास्त जोरानं मांडायचा. मी देवळात तेल घालायला जायची, कानावर पडायचं. तळपायाची आग मस्तकात जायची. एवढं मोठं गाव, एवढी माणसं मार खाल्लेली, आणि मार खाल्लेला माणूस गावात एकही नाही.

या वादात सगळ्यांत मोठा आवाज माझ्या सासऱ्यांचा होता. "सरकारनं धाक न्हाई दाखवायचा तर काय आपण दाखवायचा?" असं म्हणायचे आणि घरी आलं की लेकाच्या पाठीकडं बघायचं टाळायचे.

धनगराची बायको या पारावरच्या भानगडीत पडलीच नाही. तिनं मेंढरं एका म्हाताऱ्या सोबत्यावर सोपवली आणि पायी जालन्याला गेली. जुन्या जालन्यात एक वकील होते, गरिबाचं ऐकून घेणारे. त्यांनी तिला खरं ते सांगितलं. पोलीस म्हणतात, तुझा नवरा पळताना दरडीवरून पडला, त्याच्या अंगावरच्या खुणा त्या पडण्याच्या. पण गावातल्या दोन गड्यांनी उभं राहून सांगितलं, की आम्हालाही कोंडवाड्यात असंच मारलं, तर त्याची कबुली मारून घेतली हे सिद्ध होईल आणि तो सुटेल. दोन गडी पुरेत. वकिलांनी औरंगाबादला तार केली आणि तिकडचे बडे साहेब चौकशीला येणार असं कळलं.

ती परत आली ती थेट आमच्या दारात. पायाला फोड आलेले. माझ्या नवऱ्याला म्हणाली, "भाऊ, दोन पायजेत. एक तुम्ही. दुसरा तुम्ही बोलल्यावर आपोआप उठंल."

तो म्हणाला, "बोलतो. मी बोलतो बिलकुल. तो माझा माणूस हाये."

मी आत चुलीपाशी होते. मला इतका आनंद झाला की मी तिला बळंच बसवून जेवू घातलं. जेवताना तिनं कनवटीची पुरचुंडी सोडून दाखवली. आंबेहळदीचं एक मोठं कांडं होतं, जालन्याच्या बाजारातून आणलेलं. "इथं आता मिळंना, न्हाई का," ती म्हणाली. "ते आल्यावर लावायला. सगळं अंग काळं-निळं झाल्तं त्यांचं."

ती गेली आणि सासरे बाहेर आले. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "बोलणार हाये म्हणं तू? काय बोलणार? मला कोंडवाड्यात कोंबडा केला, हे? भरल्या चावडीत? तुझ्या बहिणीला बघायला टेंभुर्णीचे पाव्हणे येऊन राह्यलेत, त्यांना काय सांगू मी, पोरीचा भाऊ पट्ट्याखाली वाकला म्हणून?"

"मंग त्याला तिथं मरू देऊ का?"

"त्यो धनगर हाये. आज इथं, उद्या तिथं. आपल्याला इथंच राह्यचंय."

मी पदर सावरून मध्येच म्हणाले, "मामंजी, अख्ख्या गावाच्या पाठी फुटल्यात. कुणापासून झाकायचं?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की सासूबाईंनी मला हाताला धरून आत नेलं. नवरा उठून बैलाला पाणी दाखवायला गेला. मला वाटलं, मनात पक्कं असेल म्हणून वाद घालत नाही.

साहेब आले. चावडीच्या ओट्यावर खुर्ची टाकली, बाजूला जमादार कडक कपड्यांत उभा. समोरच्या पटांगणात सगळे गडी साहेबाकडं तोंड करून बसले. त्यांच्या मागं कोंडवाड्याची भिंत, आणि त्या भिंतीला लागून आम्ही बाया उभ्या. म्हणजे साहेबाला दिसत होती गड्यांची तोंडं आणि आम्हाला त्यांच्या पाठी. धुतलेल्या पांढऱ्या पैरणी घालून आले होते सगळे. पण हळदीचा डाग काय एका धुण्यात जातो? आणि आतली तेल-हळद तर अजून ओलीच होती. एका ओळीत सगळ्या पाठी पिवळ्या. कुणाचा डाग खांद्यापाशी, कुणाचा कमरेला. दुकानदाराची तर अख्खी पैरणच रंगलेली. आम्ही बाया बघत राहिलो. एकीनं तोंडाला पदर लावला, ती हसत होती की रडत होती सांगता येत नाही.

साहेबानं एकेकाला उठवून विचारलं, "तुमको किसीने मारा?"

"न्हाई साहेब." "जी न्हाई." "जमादारसाहेब लई चांगले." असं करत करत माझ्या नवऱ्याची पाळी आली. धनगराच्या बायकोनं माझा हात धरला. तो उठला. एकदा मागं वळून बघितलं त्यानं, आमच्याकडं, मग रांगेच्या टोकाला बसलेल्या बापाकडं.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "मला कुणी हात न्हाई लावला."

आणि खाली बसला. माझ्या हातातला तिचा हात सुटला.

पुढच्याच क्षणी ती ओरडली. कुणाची सून नाही, कुणाची लेक नाही, तिला कोण अडवणार? "साहेब, तोंडं काय बघता! उठा! एकडाव इकडून येऊन बघा! मागून बघा यांना!"

साहेबानं विचारलं, ही काय म्हणते. कुणीतरी उर्दूत सांगितलं. साहेब खुर्चीतून उठले आणि ओट्याच्या पायऱ्या उतरायला लागले.

तेव्हा जे झालं ते आठवलं की आजही माझे कान तापतात. गडी बसल्या बसल्या मागं सरकायला लागले. कुणी कुणाला सांगितलं नाही, खूण केली नाही. ढुंगणावर घसटत घसटत सगळी रांग मागं आली, भिंतीच्या दिशेनं. तिथं आम्ही उभ्या होतो. आणि आम्ही बाया, काय म्हणू मी आम्हाला, आम्ही बाजूला झालो. जागा करून दिली. मीही झाले. साहेब खाली पोचेपर्यंत गावातला प्रत्येक गडी कोंडवाड्याच्या दगडी भिंतीला पाठ टेकून बसला होता, सुजलेली, फुटलेली पाठ, आणि एकाच्याही तोंडून हूं की चूं निघालं नाही.

साहेब समोर उभे राहिले. "कपडे निकालो," म्हणाले, पण जरा हळूच म्हणाले. माझे सासरे हात जोडून उठले, पाठ भिंतीकडंच ठेवून. "हुजूर, बाया-पोरींसमोर गड्यांनी उघडं व्हायचं? इज्जतीचा सवाल हाये." आमचे गडी उन्हाळाभर उघड्या अंगानं रानात राबतात, पण त्या दिवशी सगळ्यांना अंगाची लाज आली होती. साहेबांनी रांगेवरून एकदा नजर फिरवली. मला वाटतं, त्यांना कळलं. न कळायला ते काही लहान नव्हते. पण गावच नको म्हणतंय तर त्यांना तरी काय पडलं होतं? "ठीक है," म्हणाले आणि पुन्हा वर गेले.

मी त्या संध्याकाळी नवऱ्याची पाठ पुन्हा पुसली. दगडाचे खडे रुतले होते. त्यानं विचारलं, "ती काय म्हणाली?" मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला असं बोलले आणि त्यानं ऐकून घेतलं.

धनगराला सजा झाली. तो फरार माणूस पुढं वऱ्हाडात सापडला, इंग्रजांच्या मुलखात. शिपायाला मारलं त्याच दिवशी तो हद्द ओलांडून गेल्ता. आमच्या डोंगरात तो कधी आलाच नव्हता. भाकरी कुणी कुणाला दिलीच नव्हती. ही बातमी आली तेव्हा पारावर चांगली गर्दी होती, आणि त्या दिवशी वाद झाला नाही. पण सजा काही माघारी आली नाही. एका पावसाळ्यात तो जेलातच वारला, ताप आला म्हणून कळवलं.

त्याची बायको मेंढरं घेऊन जायला निघाली त्या दिवशी शेवटचं आमच्या दारात आली. पाठीला पोर बांधलेलं. मी तिला आत ये म्हटलं, ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. कनवटीला हात घालून तीच पुरचुंडी काढली. कांडं वाळून कडक झालं होतं. माझ्या हातावर ठेवलं.

"घ्या अक्का," ती म्हणाली. "मला आता कुणाला लावायची? तुमच्याकडं असू द्या. तुमच्या बैलाचा काय भरवसा."

नवरा तेव्हा अंगणातच होता, बैलापुढं वैरण टाकत. त्याला ऐकू गेलं. त्यानं मान वर केली नाही, आणि ती मेंढरं हाकत वेशीकडं गेली.