चाकाचा घोट

आमचे हे बैलगाडीची चाकं करत. जळगावच्या वेशीबाहेर आमचं घर, आणि घरापुढच्या अंगणातच कारखाना. चाक करणाऱ्याचा हात थरथरला की लाकूड तासायचा वाकस पायावर बसतो. तसा तो एकदा बसला आणि यांच्या डाव्या पायाची करंगळी गेली. हात थरथरे तो दारूनं, आणि दारू घेतली नाही तर आणखीच थरथरे. ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची दोन-तीन वर्षं. जळगावच्या डॉक्टरांनी पोट चाचपून मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता बोटावर भागायचं नाही, जीव जाईल.

म्हणून मी यांना धुळ्याला नेलं. चाळीसगावला गाडी बदलून, सबंध रस्ता यांचा सदरा मुठीत धरून. तिथं एका डॉक्टरांनी दारू सोडवायला राहत्या घरामागे चार खाटा घातल्या होत्या. दाराला कडी, भेटायला फक्त रविवारी, आणि जेवणात पहिले काही दिवस नुसती पेज. पहिले चार दिवस यांना भिंतीवर लाल मुंग्यांची रांग दिसत होती. अंगाला कापरं, घामानं अंथरूण ओलं. तिथला माणूस शेजारी बसून राहिला, वेळेवर औषध पाजत राहिला. हेच घरी झालं असतं तर आम्ही भगत आणून लिंबं कापत बसलो असतो आणि हे हातचे गेले असते. तेव्हा धुळ्याला मी आजही नावं ठेवत नाही.

चाळीस दिवसांनी हे घरी आले ते गालांवर तुकतुकी घेऊन. मी आधी हात बघितला. स्थिर होता. सासूबाईंनी दृष्ट काढली, गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या, आणि मला वाटलं, झालं, सुटलो. रोग गेला, आता वैद्याची काय गरज.

आमच्या धंद्यात एक रीत होती. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल करायची, लाकडी चाकावर बसवायची, वर पाणी ओतायचं. धाव आवळली की गाडीचा मालक नारळ फोडी आणि सोबत आणलेली बाटली मिस्तरीच्या हातात देई. पहिला थेंब चाकाच्या मधल्या तुंब्याला, उरलेली मिस्तरीची. असं केलं नाही तर गाडी पहिल्याच उतारावर उलटते म्हणत. मीही म्हणत असे.

धुळ्याहून आल्यावरची पहिली गाडी झाली. मालकानं बाटली पुढे केली आणि यांनी हात जोडले. मालकाचं तोंड उतरलं. आणि मी, दारात उभी राहिलेली शहाणी बाई, मधे पडले. देवाच्या कृपेनं नवरा परत मिळालाय, त्याच्या पहिल्या कामाला अपशकुन कशाला, असं माझ्या मनात आलं. मी स्वतः बाटली घेऊन यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "चाकापुरतीच घ्या. शकुन मोडू नका."

यांनी तुंब्यावर थेंब टाकला. बोट ओलं झालं. ते बोट यांनी धोतराला पुसलं नाही, एवढं मी बघितलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं. दिवस मावळायच्या आत बाटली रिकामी झाली होती. महिनाभरात हात पुन्हा थरथरू लागला. दोष कोणाला देणार? कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

मी पुन्हा धुळ्याचं बोचकं बांधायला घेतलं. पण जळगावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की फार वाढायच्या आत आलात, या वेळी खाटेची गरज दिसत नाही. घरीच राहा, काम करा, आणि रोज सकाळी इथं येऊन माझ्यासमोर औषध घ्या. मी डॉक्टरांशी भांडले. कडी लावलेल्या घरात जो माणूस जेमतेम सावरला, त्याला मोकळा सोडा म्हणता, आणि दवाखान्याच्या वाटेवरच गुत्ता आहे. ते म्हातारे डॉक्टर चिडले नाहीत.

"बाई, धुळ्याला तुमच्या यजमानांना बाटली कोणी देत नव्हतं. पण त्यांना जन्म काढायचाय तो तुमच्या अंगणात. तिथं नाही कसं म्हणायचं, ते तिथंच शिकावं लागेल."

बाटली कोण देत होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

कंपाउंडरनं औषधासाठी घरून बाटली आणायला सांगितली. आमच्या घरी बाटल्यांचा काय तोटा! राखेनं घासून एक नेली. त्यानं तिच्यावर खुणांची कागदी पट्टी डकवली. सकाळचा घोट दवाखान्यात, उरलेले दोन घरी. रोज सकाळी हे पुढे आणि मी चार पावलं मागे. गुत्त्यासमोर आलं की मी अंतर कमी करी. गल्लीतल्या बायका म्हणत, निघाली म्हैस हाकायला. म्हणू देत. रोज संध्याकाळी मी यांना 'आ' करायला लावून तोंडाचा वास घेई. हे मुकाट्यानं तोंड उघडत. तीनदा वास आला. तिन्ही वेळा मी आकांत केला, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी हे आपण होऊन डॉक्टरांना सांगून मोकळे झाले. डॉक्टर विचारत, कुठं, कोणाबरोबर, आणि पुढच्या खेपेला काय कराल. बस्स, एवढंच. मला तो पोरखेळ वाटे.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. सातपुड्याच्या पायथ्याकडून एक शेतकरी चाकांची जोडी करून घ्यायला आला. धाव बसली, पाणी ओतलं, वाफ विरली. त्यानं मोहाची बाटली काढली. या खेपेला मी दारातून हलले नाही. यांनी बाटली घेतली. हात स्थिर होता. बूच काढलं आणि सबंध बाटली तुंब्यावर उपडी केली.

शेतकरी हळहळला. हे म्हणाले, "तहान चाकले शे, माले नही. बठ्ठी त्यालेच." सगळी त्यालाच.

शेतकरी हसला. एवढी पाजलेली गाडी उलटली तरी दोष नाही म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोक्यावर पदर घेऊन निघाले, तर हे म्हणाले, "आज तू नको येऊ. मी जाई येस."

मी उंबऱ्यात मिरच्या निवडत बसले. निवडलेल्या पुन्हा न निवडलेल्यांत टाकत होते, हे सासूबाईंनी दाखवलं तेव्हा कळलं. ऊन अंगणात आलं, तेव्हा हे आले. हातात औषधाची बाटली, औषध पट्टीवरच्या वरच्या खुणेखाली उतरलेलं. बाटली त्यांनी कोनाड्यात ठेवली. मग, संध्याकाळ नव्हती तरी, माझ्यासमोर येऊन वाकले आणि तोंड उघडून उभे राहिले.

मी तोंड फिरवलं. "राहू द्या," म्हटलं, आणि भाकरी थापायला बसले.