कंपनीतच बसवलेला अल्टरनेटर

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, तेव्हा बायकोचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि तिचे वडील येरवड्याला अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी ‘भेटून घ्या’ असं सांगून टाकलं होतं. प्लास्टरचा पाय रिक्षात मावत नसे. आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवा ठेवला की मावायचा. म्हणून रोज संध्याकाळी कोथरूडहून येरवडा अशी आमची फेरी असे. गाडी बंद राहिली, तर बापलेकीची भेट बंद.

मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. उदारीकरणानंतर आपल्याकडे जे जे मुबलक झालं, त्यात काच पहिली. या सेंटरला चारही बाजूंनी काच होती. आत कॉफीचं यंत्र होतं आणि भर मे महिन्यात टाय बांधलेला एक तरुण होता. ग्रीसचा डाग कुठेही नव्हता. गाड्या दुरुस्त करण्याच्या जागी ग्रीस दिसत नाही, याचा कुणालाच संशय येत नव्हता.

“सर, अल्टरनेटर फेल आहे,” टायवाला म्हणाला. “बॅटरी चार्ज करणारा पार्ट. पूर्ण युनिट रिप्लेस करावं लागेल. चेन्नईहून यायला दहा दिवस.”

“आत काय बिघडलंय?”

“सर, आम्ही ओपन करत नाही.”

“उघडता येत नाही?”

“येतं. पण तशी पॉलिसी नाहीये, सर. कॉफी घेणार?”

पोट दुखतंय म्हटल्यावर नवं पोट मागवायला निघालेल्या माणसाची कॉफी मी घेतली नाही. सासऱ्यांकडे दहा दिवस आहेत का, हे नोंदवायला त्याच्या संगणकात जागा नसावी.

दुसऱ्या दिवशी गाडी परत मिळाली ती धुऊन, आत संत्र्याच्या वासाचं काहीतरी फवारून आणि किल्लीला सेंटरच्या बोधचिन्हाची चकचकीत किचेन अडकवून. बिघाड जागच्या जागी होता, बाकी सगळं चमकत होतं.

तिथून नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. तिथे चमकणारं काहीच नव्हतं. गाळा काळाकुट्ट, भिंतीचा खालचा भाग लाल, आणि मालकाच्या तोंडात गुटखा. त्याने अल्टरनेटर काढून फरशीवर ठेवला आणि आधी माझाच पंचनामा केला.

“कंपनीत नेली होती वाटतं? अहो, वास येतोय ना! आंघोळ घालून सोडलं तुम्हाला.”

“गाडीला.”

“तेच ते.”

मग अल्टरनेटर उघडून त्याने आतले झिजलेले कार्बनचे दोन तुकडे माझ्या तळहातावर टाकले. पेन्सिलीच्या टोकाएवढे. त्यांच्या जागी नवे बसवता बसवता त्याने देशातल्या यच्चयावत मोटार कंपन्यांचं वाटोळं कसं होणार, हे थुंकत थुंकत सांगितलं. काम झालं. लाल दिवा विझला. सीटवर त्याचा काळा पंजा तेवढा राहिला.

त्या संध्याकाळी आम्ही येरवड्याला पोचलो. आदला दिवस चुकला होता, त्यामुळे सासरे दाराकडेच बघत होते. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली ती पिढी. ‘कंपनी’ हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज देवळात आल्यासारखा खाली यायचा.

“डायनॅमो कुठे केलात?” त्यांनी पहिलं तेच विचारलं; अल्टरनेटर त्यांच्या लेखी अजून डायनॅमोच. “कुठल्या पेठेतल्या मिस्त्र्याकडे केला असेल, तर उद्यापासून येऊ नका. बंडगार्डनच्या पुलावर गाडी बंद पडली तर हिला उचलणार कोण? माझ्या जिवाला घोर लागतो.”

मी बोलायला तोंड उघडलं. बायको माझ्या आधी बोलली.

“कंपनीतच केला, बाबा. नवा बसवलाय.” आणि माझ्याकडे बघितलं. तसं तिने माझ्याकडे लग्नातही बघितलं नव्हतं.

मी खिशातून किचेन काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी त्या बोधचिन्हावरून अंगठा फिरवला.

“बघा जावईबापू, याला म्हणतात काम. तुम्ही आपले उगाच नावं ठेवता.”

“हो,” मी म्हणालो. आयुष्यात इतका कडू ‘हो’ मी म्हटलेला नाही.

“मग उद्या ये गं,” ते लेकीला म्हणाले.

ती किचेन मी परत जाताना मुळा-मुठेत फेकणार होतो. पण सासरे होते तोवर ती रोज त्यांच्या उशाशी, त्यांना दिसेल अशी ठेवावी लागली. किचेनकडे बघून ते निश्चिंत व्हायचे, आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचो.