नणंदेचा साधा आगमनकाळ

नोव्हेंबरच्या शेवटी माझी मोठी नणंद नागपूरहून आमच्याकडे आली, ती चार मेणबत्त्या, एक पातळ पुस्तिका आणि स्वतःची उशी घेऊन. शाळेत पर्यवेक्षिका होती, आता रिटायर झाली आहे. संसार कधी केला नाही, त्यामुळे घर कसं चालवावं हे तिला पक्कं ठाऊक आहे.

चहा पिता पिता तिनं जाहीर केलं, की यंदा नाताळाआधीचा आगमनकाळ आपण घरातच पाळायचा, साधेपणानं. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची. टीव्ही बंद, गोड बंद. आणि रविवारी दुपारी कुण्या परक्याला जेवायला बोलवायचं, कारण प्रभू कुणाच्या रूपानं दारात उभा राहील सांगता येत नाही.

"घरातलं रोजचं काम हीच प्रार्थना," ती म्हणाली. "झाडणंसुद्धा."

आम्ही राहतो हिंदी मुलखात, भनपुरीच्या मागच्या अंगाला. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी इथे खिडकीत, ओट्यावर, भिजवलेल्या कणकेवर येऊन बसते. मी सकाळी झाडते आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून आल्यावर पुन्हा झाडते. तिचं खरं धरलं तर मी एव्हाना संत व्हायला हवी होते.

"मग ताई, संध्याकाळचं तुम्ही झाडाल का?" मी विचारलं.

"माझ्या कमरेचं तुला माहीत आहे ना."

नवरा कारखान्याच्या शिफ्टला निघाला होता. बूट घालता घालता म्हणाला, "चार हप्त्यांची तं गोष्ट आहे. काहून तोंडी लागून राहिली?"

पहिल्या रविवारचे परके म्हणजे तेलीबांध्याच्या नव्या फ्लॅटमध्ये राहणारं, चर्चमधलं एक जोडपं. कारनं आले. चिकन, दोन भाज्या, पुलाव, कोशिंबीर असं साधं जेवण मी रांधलं. ते जेवले आणि तिच्या साधेपणाची तारीफ करून गेले. मागची भांडी घासताना माझा हात इतका रागानं चालत होता की काचेचा एक ग्लास फुटला. तुकडे गोळा केले, हाडांच्याच पिशवीत टाकले, गाठ मारली.

"ताई, परके म्हणजे कारवालेच का?" रात्री मी विचारलं. तिला ते लागलं. मला लागावं असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी वाजली तशी ती शाल गुंडाळून फाटकाशी गेली, मागून मी पिशवी घेऊन. आमच्या गल्लीतला कचरा न्यायला चाळिशीची एक बाई हातगाडी घेऊन येते. आम्ही तिला दीदी म्हणतो, ती आम्हाला दीदी म्हणते, एवढीच ओळख. नणंदेनं तिला हिंदीत रविवारच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या भिंतीकडे पाहिलं.

"हव," ती म्हणाली. साहेबाला 'हो' म्हणावं तसं.

रविवारी बरोबर एक वाजता ती आली. डोक्यावरून अंघोळ करून, निळी साडी नेसून. चपला पायरीवर काढल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसली. नणंदेनं दोन मेणबत्त्या लावल्या आणि पुस्तिकेतली प्रार्थना वाचली, पूर्ण, मराठीत, समोरचीला कळत नसताना. भात निवत होता. मग चौकशी सुरू झाली. मुलं किती, शिकतात का, नवरा पितो का. ती बाई एकेका शब्दात उत्तर देत होती, कचेरीत फॉर्म भरावा तशी.

शेवटी नणंदेनं मान कलती करून विचारलं, "बताइए, हम आपके लिए क्या कर सकते हैं?"

तिला अपेक्षा होती की बाई म्हणेल, आमच्यासाठी प्रार्थना करा. बाईनं खरंच थोडा विचार केला.

"दीदी, गीला-सूखा अलग कर दिया करो," ती म्हणाली.

मग तिनं समजावून सांगितलं. आमच्या पिशवीत सगळं एकत्र असतं. तिला ती कचऱ्याच्या शेडमध्ये उघडून हातानं निवडावी लागते. मागच्या सोमवारी हाडांत काच होती. हातमोजा फाटला. तिनं बोट वर केलं. चिकटपट्टी मळली होती. तक्रार नव्हती त्यात, नुसतं दाखवणं होतं.

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं, गृहपाठ न केलेल्या मुलीकडे पाहावं तसं. महापालिकेनं दिलेले ओल्याचा हिरवा आणि सुक्याचा निळा असे दोन डबे आमच्याकडे होते. हिरव्यात मी तांदूळ ठेवत होते आणि निळ्यात कांदे.

बाई पोटभर जेवली. दोनदा भात घेतला, लोणचं मागून घेतलं. ताट धुवायला उठली तेव्हा नणंद "नको, नको" म्हणाली, आणि ताट मी धुतलं. संध्याकाळी तांदूळ पिंपात ओतले, कांदे टोपलीत काढले.

बुधवारी चर्चच्या महिला मंडळात नणंद साक्ष द्यायला उभी राहिली. म्हणाली, एका कचरा उचलणाऱ्या बहिणीला आम्ही ताटावर बसवलं. जेवता जेवता त्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, मला आजवर असं कुणी जेवू घातलं नाही.

असलं कोणी काही बोललं नव्हतं. खोटं इतकं स्वच्छ आवाजात बोलता येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. एकीनं माझा हात धरला, "तुमचं घर धन्य आहे हो." मी तोंडाची तिखट म्हणून चर्चभर प्रसिद्ध आहे. तिथल्या तिथे सांगता आलं असतं की बाई रडली नाही, तिचं बोट कापलं होतं, आणि ते माझ्या काचेनं. मी म्हटलं, "सगळं ताईंचंच," आणि समोर आलेले दोन समोसे खाल्ले. नणंदेला द्यायला माझ्याजवळ शिव्या ढीगभर होत्या. स्वतःसाठी एकही सापडली नाही.

गुरुवारी सकाळी मी दोन्ही डबे घेऊन फाटकाशी गेले. काहीतरी बोलायला हवं असं वाटलं, म्हणून म्हटलं, "दीदी, हमारी ननद चर्च में बोल रही थी, आप खाते-खाते रो पड़ीं."

"मैं?" ती हसायलाच लागली. "काबर रोहूँ?" कशाला रडू मी?

मग तिनं हिरव्या डब्यात डोकावून पाहिलं. हसू गेलं. आत गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं, नवऱ्याच्या ॲसिडिटीचं. तिनं नुसतं बोट दाखवलं.

"निकालो."

मी बाही वर केली. धरायला गेले तसं पाकीट खाली घसरलं. चहाचा चोथा, डाळीचा थर, केळ्याची सालं, सगळं गार आणि चिकट. कोपरापर्यंत हात घातला तेव्हा कुठे ते पाकीट सापडलं. तिनं ते घेतलं, सुक्यात टाकलं, शिट्टी फुंकली आणि गाडी पुढच्या घराकडे ढकलली.