डबीवरचं कुंकू

ती तक्रार आजही आठवते, कारण तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार, दोघं एकाच मोटारसायकलवरून ठाण्यात आले होते.

पोलीस खात्यात मी थोडीच वर्षं होते. नंतर राजीनामा देऊन दुसऱ्या नोकरीत गेले. उपनिरीक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला होती. त्या सकाळी मोटारसायकल चालवत आला तो तरुण वायरमन होता. मागे बसलेले काका तुरीचे शेतकरी. त्यांनी घराशेजारी छोटी डाळमिल टाकली होती. आदल्या दिवशी गावाजवळ वीज पडली आणि मिलमधला विजेचा बोर्ड पेटला. माणसं सुखरूप होती, पण छपराची टिनं काळी पडली. बोर्डाचं फिटिंग या तरुणानं केलेलं.

“निष्काळजीपणाची तक्रार लिहून घ्या, मॅडम,” काका म्हणाले. “हा पोट्टा माह्या पोरीचा होणारा नवरा हाय.”

“मंग तक्रार कायले?” आमच्या हवालदारांनी विचारलं.

“म्हणूनच त! जो माही मिल जाळते, तो पोरीचं घर काय सांभाळन? लग्न मोडलं समजा.”

“मामाजी, अर्थिंग मी सोता तपासलं होतं...”

“मामाजी नोको म्हणू. अक्षता पडाच्या हायत अजून.”

“आन् आले त्याच्याच गाडीवर?” हवालदार.

“जीप भरून गेलती,” काका गंभीरपणे म्हणाले.

वायरमनचा जबाब घेतला. बोर्डावर त्यानं सर्ज प्रोटेक्टर बसवला होता. वीज पडून लाइनमध्ये अचानक झटका आला, तर तो जमिनीत उतरवून देणारी ही लहानशी डबी. गेल्या दिवाळीनंतर या डब्यांची सुरक्षा मानकं बदलली होती. जुन्या डबीचा आतला भाग झटक्यानं निकामी झाला, की लाइनला चिकटूनच तापत राही. नव्या मानकाप्रमाणे तो तापताच आपोआप लाइनपासून सुटा व्हायला हवा, आणि डबीच्या खिडकीत हिरव्याच्या जागी लाल रंग दिसायला हवा. काकांच्या मिलमधली डबी तर तापून पेटली होती. पण तिच्या खोक्यावर नव्या मानकाचंच चिन्ह होतं. डबी चांगली, म्हणजे फिटिंग वाईट, असा काकांचा साधा हिशेब होता. खरं सांगायचं तर माझाही तोच होत चालला होता.

दुपारी ठाण्याचा फोन वाजला. एका मुलीचा दबका आवाज होता.

“मॅडम, मी बोलली हे बाबांना सांगू नका. मिलची डबी ज्या दुकानातून आणली, तिथलीच दुसरी डबी घरी पडून हाय. तिच्या खोक्याचं स्टिकर फुगलं. खाली जुनं चिन्ह दिसून राह्यलं.”

“तुम्हीच बाबांना का दाखवत नाही?”

“ते म्हणतीन, त्याच्याकडून बोलून राह्यली.” मग ती म्हणाली, “आन् तेही खरंच हाय.”

स्टेशन डायरीत मी ‘खात्रीलायक बातमीदाराकडून’ एवढंच लिहिलं.

दोन पंच घेऊन आम्ही दुकानात गेलो. पन्नाशीचे दुकानदार देवभोळे आणि गोड बोलणारे होते. गल्ल्याच्या वर लक्ष्मीची तसबीर, तिला ताजा हार. आम्ही आत पाय ठेवायच्या आधीच त्यांनी चहा सांगितला. मी मुळात कमी बोलते. चौकशीत त्याचा फायदाच होई, कारण समोरच्याला शांतता सहन होत नाही आणि तो ती भरायला लागतो. हे गृहस्थ मात्र ती चहानं भरत होते.

“हा माल कधी आला?” मी विचारलं.

“चैत्रात, मॅडम. गुढीपाडवा झाल्यावर.”

“स्टिकर कुणी लावलं?”

“कंपनीनंच. मी त नुसता विकणारा माणूस.”

इथेच सगळं अडणार होतं. स्टिकर कारखान्यातूनच लागून आलं असेल, तर दुकानदार निर्दोष. त्यानं लावलं असेल, तर फसवणूक. पंचांसमोर एका खोक्याचं स्टिकर हळूच सोडवलं. खाली जुनं चिन्ह निघालं, आणि शेजारी बोटाएवढा तांबूस डाग.

“गंज दिसते,” हवालदार म्हणाले. कुठल्याही कागदाला हात लावायच्या आधी जिभेवर बोट टेकवायची त्यांची जुनी सवय. तेच ओलं बोट डागाकडे निघालं. पुराव्याला हात लावू नका, असं मी म्हणणार, तेवढ्यात दुकानदार ओरडले,

“अहो हवालदार! उष्टं बोट काहून लावता? लक्ष्मीपूजनाचं कुंकू हाय ते!”

हवालदारांचं बोट हवेतच राहिलं. पंचांपैकी शेजारचे शिंपीकाका हळूच म्हणाले,

“शेटजी, चैत्रातला माल दिवाळीत पुजला काय?”

दुकानदार मटकन स्टुलावर बसले. चहा आला, तो त्यांनाच दिला.

मग सगळं बाहेर आलं. मानकं बदलली आणि जुना माल अंगावर पडला. त्यांनी नवी स्टिकरं छापून आणली आणि दुकान बंद करून स्वतःच चिकटवली. मला एकच कळेना.

“चिकटवताना कुंकू पुसून का नाही घेतलं?”

ते माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू गुन्हा मीच सुचवला होता. “मॅडम, पुजलेल्या मालावरचं कुंकू कोणी पुसते काय?”

माल जप्त झाला, गुन्हा नोंदवला. विकलेल्या डब्या परत मिळवायला हवालदारांनी आठवडी बाजारात भोंगा लावला. लोक पिशव्यांतून डब्या खोक्यांसकट घेऊन ठाण्यात येऊ लागले. पंचांसमोर स्टिकर सोलताना बाकीचे माना उंचावून बघत. कुंकू निघालं की कुणीतरी ओरडे, “दिवाळीचा माल!”, आणि सगळे हसत.

काका टोपी हातात घेऊन आले. “तक्रार फाडून टाका, मॅडम.”

“तक्रार फाडता येत नाही, काका. पुरवणी जबाब देता येतो.”

त्यांनी तो मनापासून सांगितला. “फिटिंग चोख होतं, चूक डबीची. जावयाची काही कसूर नाही.”

“‘होणाऱ्या जावयाची’ लिवू ना?” हवालदारांनी लिहिता लिहिता विचारलं.

“जावयाचीच लिवा.”

त्या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. खोटं बोलणारा माणूस सगळ्याच बाबतीत खोटा नसतो. कुठेतरी एक जागा असते, जिथे त्याचा हात थांबतो. माणूस काय करतो हे सगळेच बघतात. तो काय करायला धजत नाही, तेही मी तेव्हापासून बघू लागले.

लग्नाला आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. मांडवाच्या बोर्डावर नवरदेवानं स्वतः बसवलेल्या डबीची खिडकी हिरवी होती, आणि काका पाहुण्यांना बोलावून बोलावून ती दाखवत होते. “मले पहिल्यापासून मालूम होतं, चूक पोराची नव्हतीच!”

मी आहेर द्यायला वर गेले. नवरीनं जवळच्या ताटातलं कुंकू घेऊन माझ्या कपाळाला लावलं, आणि वाकून त्याच दबक्या आवाजात विचारलं,

“बाबांना सांगितलं त नाही ना?”

“बातमीदाराचं नाव आम्ही कुणाला सांगत नाही,” मी म्हणाले.

घरी आल्यावर तोंड धुताना माझा हात कपाळापाशी गेला, आणि थांबला. ते कुंकू मी पुसलं नाही.